एकोणीस रुपयांचे चॅनेल

१५३ रुपये ४० पैसे. २०१९ च्या फेब्रुवारीत हा आकडा केबल असलेल्या घराघरांत पाठ झाला होता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ फेब्रुवारीपासून टीव्हीच्या बिलाची नवी पद्धत लागू केली आणि बिलाची पहिली ओळ ही होती. शंभर चॅनेल घरापर्यंत आणून सोडण्याचे भाडे जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. या शंभरात दूरदर्शनची सक्तीची चॅनेल आली, बाकीची फुकटातली आली. ज्याला पैसे पडतात त्या प्रत्येक चॅनेलवर मात्र साबणाच्या वडीसारखी छापील किंमत आली. हवे ते घ्या, नको ते सोडा.

कागदावर यापेक्षा ग्राहकाच्या बाजूची योजना शोधून सापडणार नाही. चॅनेलची किंमत टीव्हीच्या पडद्यावरच, त्याच्या नावापाशी दिसली पाहिजे, असा नियम झाला. ९९९ क्रमांकाचे चॅनेल माहितीसाठी राखून ठेवण्यात आले. पॅक घेतलाच पाहिजे अशी सक्ती करायची नाही आणि सुटे चॅनेल मागणाऱ्याला ते द्यायचेच, अशी तंबी कंपन्यांना मिळाली. आणि तरीही पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक घरांत घडले ते एवढेच : केबलवाल्याचा मुलगा एक छापील कागद घेऊन आला, त्यावर तीन-चार पॅक होते, ‘मराठी-हिंदी बेसिक’वर खूण झाली आणि बॉक्स सुरू राहिला. नऊशेच्या आसपास चॅनेल असलेल्या देशात घरोघरी यादी करत बसणार कोण? निवड न केलेल्यांसाठी ट्रायला मार्चअखेरपर्यंत मुदत वाढवावी लागली आणि त्यांना त्यांच्या आवडीशी जुळेल असा पॅक कंपनीनेच लावून द्यावा, असेही सांगावे लागले. सुटे चॅनेल निवडण्याच्या हक्काची सुरुवात अशी पॅक लावून देण्याने झाली.

दोष आळसाचा नव्हता. हिशेबच तसा होता, आणि तो समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

१९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये हॉटेलांतल्या डिश अँटेनांवर दिसली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही आला. मुंबई-पुण्याच्या इमारतींवरून, चाळींच्या गॅलऱ्यांवरून काळ्या वायरी लोंबू लागल्या. गल्लीत एक कंट्रोल रूम, गच्चीवर दोन-चार डिश, दर महिन्याला पिवळ्या कार्डावर सही करून घेतली जाणारी वसुली, एवढ्यावर हा धंदा उभा राहिला. त्यासाठी कायदा आला तो १९९५ मध्ये, धंदा चांगला रुळल्यावर. ग्राहकाला निवड नव्हतीच. वायरीतून येईल ते सगळे सगळ्यांच्या टीव्हीवर येई. एका घराला एखादे चॅनेल द्यायचे आणि शेजारच्याला नाही, अशी सोयच त्या तंत्रात नव्हती.

त्या काळातला खरा गुप्त आकडा चॅनेलच्या किमतीचा नव्हता, घरांचा होता. केबलवाल्याची गल्लीत पाचशे कनेक्शन असतील तर वर तो शंभरच दाखवी. वरचा मोठा पुरवठादार आपल्याकडून आणखी छाटून चॅनेलवाल्यांना कळवी. चॅनेलवाल्यांनाही हे ठाऊक असे, म्हणून तेही दर घरटी न ठरवता घासाघीस करून एकगठ्ठा ठरवत आणि चालणाऱ्या एका चॅनेलबरोबर न चालणारी चार गळ्यात मारत. सगळेच एकमेकांना फसवतात हे सगळ्यांना मान्य असलेला असा व्यवहार दुसरा क्वचितच असेल. पॅकची सवय प्रेक्षकाला लागण्याच्या कितीतरी आधी ती या घाऊक बाजारात लागली होती.

सुट्या निवडीचा पहिला प्रयत्नही आपल्याकडे २०१९ चा नव्हे. २००२ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती होऊन ‘कॅस’ची तरतूद झाली. पैशांची चॅनेल बॉक्समधूनच दिसतील, ज्याला हवीत त्याने पैसे भरावेत, असा तो बेत. चेन्नईत तो २००३ मध्ये लागू झाला. इतरत्र आंदोलने, राजकारण आणि कोर्टकचेऱ्या यांत अडकला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने कान पिळल्यावर २००७ च्या आरंभी दिल्ली, मुंबई व कोलकात्याच्या ठरावीक भागांत आला. मुंबईत तो भाग होता दक्षिण मुंबईचा. ट्रायने तेव्हा धाडसी सूत्र लावले : कोणतेही पैशांचे चॅनेल असो, महिन्याला जास्तीत जास्त पाच रुपये. क्रिकेटचेही पाच, स्वयंपाकाचेही पाच. चॅनेलवाले अर्थातच भडकले. पण माझ्या मते सुटी निवड खऱ्या अर्थाने जमू शकेल असे या देशातले ते एकच सूत्र होते, कारण सुटे चॅनेल त्यात खरोखर स्वस्त होते. ते काही भागांपुरते राहिले. पुढे २०११ च्या दुरुस्तीने देशभर डिजिटल बॉक्स सक्तीचा झाला, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत, मार्च २०१३ मध्ये पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत, आणि २०१७ पर्यंत गावोगावी. आता कोणत्या घरात कोणते चॅनेल दिसावे हे बटण दाबून ठरवता येत होते. घरांचा खरा आकडाही पहिल्यांदाच मोजता येऊ लागला. ३ मार्च २०१७ ला ट्रायने नवी दरपद्धत जाहीर केली ती या पायावर.

आता मुख्य प्रश्न. कंपन्यांना पॅकच का विकायचा असतो? लबाडी हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्ये दिले. हॉलीवूडच्या कंपन्या टीव्ही केंद्रांना चांगल्या चित्रपटाबरोबर पडेल चित्रपटही घ्यायला लावत, त्यावर ते विवेचन होते. आपल्या घरातले उदाहरण घेऊ. कोल्हापुरातल्या एका घराला मराठी मालिकांचे चॅनेल महिन्याला १५ रुपयांच्या लायकीचे वाटते आणि खेळांचे ५ रुपयांच्या. शेजारच्या घराचे नेमके उलट. दोन्ही चॅनेल सुटी, १५-१५ रुपयांना विकली तर प्रत्येक घर एकेकच घेईल. कंपनीला ३० रुपये. भाव पाडून ५-५ केले तर दोघे दोन्ही घेतील, पण गल्ल्यात २० च. आणि दोन्ही मिळून २० रुपयांचा पॅक केला तर? दोन्ही घरे आनंदाने घेतात आणि कंपनीला ४० मिळतात. कोणी लुबाडले गेले म्हणता येत नाही, कारण प्रत्येकाने आपल्या मनातल्या किमतीएवढेच पैसे मोजले. मुळात चॅनेल आणखी एका घरात दाखवायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. भाजीची पेंडी देण्याने दुकानदाराची एक पेंडी कमी होते, चॅनेल देण्याने काही कमी होत नाही.

त्यात आपल्याकडे जाहिरातीची भर पडते. जाहिरातदार पैसे मोजतो ते किती घरांत चॅनेल पोचते यावर. पॅकमधून दोन कोटी घरांत पोचणारे मधल्या फळीतले चॅनेल सुटे विकायला काढले तर वीस लाख घरेही मागतील की नाही, अशी धास्ती मालकाला असते. वर्गणीचे चार आणे बुडाले तरी चालतील, पोच बुडता कामा नये. पॅकवर भरघोस सवलत द्यायला कंपन्या एवढ्या उतावीळ का, हे इथे उलगडते.

मग एकोणीस रुपये आले कुठून? २०१७ च्या आदेशात सुट्या चॅनेलच्या किमतीवर थेट बंधन नव्हते. अट फक्त एवढी, की १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल पॅकमध्ये घालता येणार नाही. ट्रायची अपेक्षा होती की किमती स्पर्धेने उतरतील. झाले असे की देशातली बहुतेक बडी हिंदी मनोरंजन चॅनेल, स्टार प्लस, झी टीव्ही, सोनी, कलर्स, बरोब्बर १९ रुपयांवर येऊन उभी राहिली. वरची मर्यादा हाच भाव झाला. दुसऱ्या टोकाला १० पैसे, २५ पैसे, ५० पैसे अशा किमतींची चॅनेल उगवली. दहा पैसे महिना कशासाठी लावायचा? वसुलीचा खर्चही त्यातून निघत नाही. पण फुकटचे चॅनेल पैशांच्या पॅकमध्ये मिसळायचे नाही असा नियम होता. दहा पैसे लावले की ते कायद्याने पैशांचे चॅनेल झाले आणि पॅकमध्ये बसले. पॅकमधल्या चॅनेलची संख्या फुगवायची असेल तर यापेक्षा स्वस्त हवा कुठली?

एका घराची यादी मांडून बघू. समजा घराला १९ रुपयांची सहाच चॅनेल हवीत : दोन मालिकांची, दोन सिनेमांची, दोन खेळांची. एकशे चौदा रुपये, जीएसटी धरून १३४ रुपये ५२ पैसे. त्यात सुरुवातीचे १५३.४० मिळवा, बिल २८७ रुपये ९२ पैसे. आता त्यांतली तीन चॅनेल एकाच कंपनीची आहेत आणि त्या कंपनीचा बारा चॅनेलचा पॅक ४९ रुपयांना आहे असे समजा. तीन चॅनेल सुटी घेतली तर ५७, आणि तीच तीन अधिक नऊ घेतली तर ४९. नको असलेली नऊ चॅनेल नाकारण्याचे आठ रुपये जादा मोजणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ट्रायनेच ऑगस्ट २०१९ च्या चर्चापत्रात मान्य केले की पॅकवर ७० टक्क्यांपर्यंत सवलत दिली जात आहे. सुट्या चॅनेलवरची किंमत ते चॅनेल विकण्यासाठी लावलेलीच नव्हती. पॅक स्वस्त वाटावा म्हणून ती लावली होती.

म्हणजे सुटे चॅनेल घेण्याचा हक्क नियमात आहे की नाही, हा प्रश्नच गौण ठरतो. हक्क तेव्हाही होता, आजही आहे. तो वापरणे परवडते का, हे पॅकवर जास्तीत जास्त किती टक्के सवलत देता येते यावर ठरते. या व्यवहारातली सगळी कोर्टकचेरी या एका टक्केवारीभोवती फिरली आहे, आणि वर्तमानपत्रांनी ती कधी नीट सांगितली नाही.

ट्रायला हे आधीच दिसले होते. २०१७ च्या मूळ आदेशात पॅकवर १५ टक्क्यांहून जास्त सवलत देऊ नये असे कलम होते. स्टार इंडिया आणि विजय टेलिव्हिजन मद्रास उच्च न्यायालयात गेले. कार्यक्रमांवर आमचा कॉपीराइट आहे, त्याचे मोल ठरवणारी ट्राय कोण, असा त्यांचा मुद्दा. मार्च २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, मे महिन्यात तिसऱ्या न्यायमूर्तींनी ट्रायचा अधिकार उचलून धरला आणि ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेही स्टारचे अपील फेटाळले. ट्राय जिंकली, अशा बातम्या आल्या. पण या लढाईत १५ टक्क्यांचे कलम मद्रासलाच मनमानी ठरून गळून पडले होते. दाराला कुलूप लागले खरे, पण कडी-कोयंडा काढून घेऊन. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकांच्या हाती आलेली योजना ही होती. त्याच महिन्यात क्रिसिल या संस्थेने हिशेब मांडला, की लोकप्रिय दहा चॅनेल घेणाऱ्याचे बिल २३०-२४० रुपयांवरून ३०० च्या आसपास जाईल. पाचपर्यंत चॅनेल घेणाऱ्याचे मात्र उतरेल. ट्रायला तो हिशेब पटला नाही. बिल वाढलेल्या माणसांना तो बरोबर पटला.

पुढचा डाव ट्रायने १ जानेवारी २०२० ला टाकला. भाड्याच्या त्याच १३० रुपयांत आता दोनशे चॅनेल, वर दूरदर्शनची वेगळी. घरातल्या दुसऱ्या टीव्हीला भाड्याच्या ४० टक्क्यांहून जास्त आकारायचे नाही. आणि पॅकमध्ये जायचे तर चॅनेलची किंमत १२ रुपयांच्या आत. सवलतीसाठी दुहेरी अट आली. पॅकमधल्या चॅनेलच्या सुट्या किमतींची बेरीज पॅकच्या दीडपटीहून जास्त नको, म्हणजे सवलत ३३ टक्क्यांपर्यंतच. शिवाय कोणत्याही एका चॅनेलची किंमत पॅकमधल्या सरासरी किमतीच्या तिपटीहून जास्त नको. प्रसारकांची संघटना आणि इतर मंडळी या वेळी मुंबई उच्च न्यायालयात आली. ३० जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिपटीची अट रद्द केली, बाकीचे कायम ठेवले.

कागदावर पुन्हा ट्रायची सरशी. कंपन्यांनी उत्तर दिले ते दरपत्रकातून. १२ च्या आत यायचे नसेल तर पॅकबाहेर राहायचे; म्हणून त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यात लाडकी चॅनेल पॅकमधून काढून २० रुपयांच्या वर नेऊन ठेवायचे जाहीर केले. मालिका अर्ध्यावर असलेल्या घरावर याचा काय परिणाम होणार हे सांगायला नको. केबलवाले धास्तावले, अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली, आणि २२ नोव्हेंबर २०२२ ला ट्रायने माघार घेतली. १२ चे पुन्हा १९ झाले, सवलतीची मर्यादा ४५ टक्के ठरली. पंधरा, तेहतीस, पंचेचाळीस. पाच वर्षांत ही टक्केवारी सरकत कुणाच्या बाजूला गेली ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तरी ७० पेक्षा ४५ बरे, हेही मान्य केले पाहिजे. निदान आता तीन चॅनेल सुटी घेण्याचा विचार करता येतो.

या बदलानंतर कंपन्यांनी लावलेल्या वाढीव दरांवरून फेब्रुवारी २०२३ मध्ये जे झाले ते विसरण्याजोगे नाही. दरवाढीचे करार करायला केबल कंपन्यांच्या महासंघातल्या सदस्यांनी नकार दिला. डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तिघांनी त्या सदस्यांचे सिग्नल बंद केले. साडेचार कोटी घरांत अंधार झाल्याचा महासंघाचा दावा होता. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी पडद्यावर सूचना, आणि शिव्या खायला कोण, तर गल्लीतला केबलवाला. दर कंपनीने वाढवले, करार त्याच्या वरच्याने अडवला, फोन मात्र याचा वाजतो. आठवडाभरात तडजोड झाली. भाड्याच्या तेव्हाच्या १३० रुपयांत केबलवाल्याचा हिस्सा, वेगळे काही ठरले नसेल तर, ४५ टक्के म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. त्यात वायर, खांब, विजेचे बिल, पोराचा पगार.

हा गुंता फक्त आपला नाही. अमेरिकेत दूरसंचार आयोगाने २००४ मध्ये सुट्या चॅनेलमुळे ग्राहकाचे नुकसान होईल असा अहवाल दिला आणि २००६ मध्ये दुसऱ्या अहवालात आधीच्या हिशेबात चुका असल्याचे म्हटले. सुट्या चॅनेलसाठीचे सिनेटर जॉन मॅकेन यांचे २०१३ चे विधेयक मंजूर झाले नाही. तिथलाच २०१२ चा एक अभ्यास मात्र लक्षात ठेवावा असा आहे. क्रॉफर्ड आणि युरुकोग्लू या दोन अभ्यासकांनी गणित मांडले : चॅनेल सुटी विकायला लावली तर कंपन्या घाऊक दर नव्याने ठरवतील आणि ते सरासरी १०३ टक्क्यांनी वाढतील, ग्राहकाच्या पदरात सरासरीने जवळपास काहीच पडणार नाही. कॅनडाने २०१६ मध्ये प्रत्यक्ष करून पाहिले. २५ डॉलरचा मूळ संच आणि वर हवी ती सुटी चॅनेल. मूळ संचाची किंमत सरकारी नियामकाने बांधली होती, सुट्या चॅनेलची कंपन्यांवर सोडली होती. म्हणजे गाठ तिथेही त्याच जागी.

आपल्याकडे एक वाट मात्र अशी आहे की जिथे हा सगळा हिशेबच संपतो. २००४ पासून चालू असलेली दूरदर्शनची फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदा घ्या, महिन्याचे बिल शून्य. खेड्यापाड्यांत आणि शहरांतल्या वस्त्यांत मिळून चार कोटींहून जास्त घरे तिच्यावर आहेत. तिथे पैसे चॅनेलवाला भरतो, जागेच्या लिलावात. बड्या कंपन्यांना या छत्रीचा मोहही आहे आणि भीतीही. १ मार्च २०१९ ला त्यांनी आपली फुकट चॅनेल तिथून काढली, २०२० मध्ये परत आणली, २०२२ मध्ये पुन्हा काढली. जाहिरातीचा आकडा घटला की छत्री आठवते, वर्गणीदार गळू लागले की नकोशी होते.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने भाड्यावरची १३० रुपयांची मर्यादाही उठवली. आता कंपन्यांनी बाजार पाहून काय ते ठरवावे. केबल आणि डीटीएचची घरे कमी होत असताना नियामकाचा उत्साह कमी झाला असेल तर नवल नाही. प्रेक्षक मोबाइलकडे आणि स्मार्ट टीव्हीकडे सरकला आहे आणि तिथल्या ओटीटीला ट्रायचे यांतले एकही कलम लागू नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातला धंदा आणि रिलायन्सची माध्यम कंपनी एक झाल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे जिओहॉटस्टार आले. क्रिकेट, मालिका, सिनेमे, मराठी-हिंदी-तमिळ सगळे एका वर्गणीत. आणि ती वर्गणी बहुतेकांना मिळते मोबाइलच्या रिचार्जमध्ये गुंडाळून. केबलच्या दरपत्रकात निदान १९ रुपयांची ओळ छापलेली असते. या वर्गणीत फक्त मराठी मालिका हव्यात, बाकी नको, असे म्हणायला रकानाच नाही.